माळ्यावर जुना कॉम्प्युटर सापडला, तर तो लगेच सुरू का करायचा नसतो?

समजा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर. काकांनी परदेशातून आणलेला असेल, नाहीतर शाळेने भंगारात काढलेला. सोबत त्याचा अडॅप्टरही आहे. अशा वेळी कुणालाही पहिली इच्छा एकच होते. धूळ पुसायची, प्लग लावायचा आणि बटण दाबायचं. बघू तरी, चालतोय का!

नेमका इथेच घात होतो. चाळीस वर्षं माळ्यावर पडून जो कॉम्प्युटर मेला नाही, तो या एका सेकंदात मरू शकतो.

जगभरात आज हजारो हौशी लोक असे जुने होम कॉम्प्युटर शोधतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालू करतात. यूट्यूबवर त्याचे तासन्‌तासाचे व्हिडिओ आहेत आणि लोक ते आवडीने बघतात. पण हे काम म्हणजे नुसतं नॉस्टॅल्जिया नाही. त्यात काय काय असतं, हे कॉम्प्युटर मरतात कशाने आणि त्यांना वाचवायचं तरी कशासाठी, हे समजून घेऊ.

होम कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय?

१९७०च्या दशकाच्या शेवटापर्यंत कॉम्प्युटर ही ऑफिसात, विद्यापीठात नाहीतर सरकारी खात्यात असणारी वस्तू होती. मग कीबोर्डच्या आतच अख्खा कॉम्प्युटर बसवलेली यंत्रं आली. ती घरातल्या टीव्हीला जोडायची आणि वापरायची. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवरून लोड व्हायचे. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो गाजले, अमेरिकेत अ‍ॅपल टू आणि कमोडोर ६४.

यातला कमोडोर ६४ म्हणजे या सगळ्यांचा बादशहा. १९८२ साली ५९५ डॉलरला तो बाजारात आला आणि १९९४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघेपर्यंत बनत राहिला. नेमके किती विकले गेले यावर वाद आहेत, पण कमीत कमी अंदाजसुद्धा सव्वा कोटीचा आहे. नावातला ६४ म्हणजे ६४ केबी मेमरी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही याच्या कित्येक पट मोठा असतो.

आपल्याकडे हे कॉम्प्युटर घरोघरी पोचले नाहीत. आयातीवरचे निर्बंध आणि किंमत, दोन्ही आड आले. पण खुणा उरल्या. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती विकली. त्यामुळे शाळेच्या अडगळीत किंवा जुन्या बाजारात असं एखादं यंत्र सापडणं अशक्य नाही.

अडॅप्टरच कॉम्प्युटरचा जीव कसा घेतो?

कमोडोर ६४चंच उदाहरण घेऊ. त्याचा अडॅप्टर म्हणजे विटेसारखा जड ठोकळा. त्यातून दोन प्रकारची वीज कॉम्प्युटरला मिळते, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. आतल्या बहुतेक चिप ५ व्होल्टवर चालतात. त्यांना साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढीच मोकळीक असते.

हे ५ व्होल्ट कायम ठेवायचं काम रेग्युलेटर नावाचा भाग करतो. धरणाचा दरवाजा जसा ठरावीक पाणी सोडतो, तसा हा ठरावीक व्होल्टेज सोडतो. पण या अडॅप्टरमध्ये सगळे भाग इपॉक्सी नावाच्या कडक राळेत गाडलेले असतात. उष्णता बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं तापून रेग्युलेटर कमजोर होतो.

आता बिघाडाचा प्रकार बघा. रेग्युलेटर बंद पडला आणि वीज आलीच नाही, तर नुकसान काही नाही. नवा अडॅप्टर आणला की काम झालं. पण हा रेग्युलेटर बऱ्याचदा उलटा बिघडतो. दरवाजा मोडतो तो उघडाच राहतो. ५ व्होल्टच्या जागी त्याहून बरंच जास्त व्होल्टेज थेट चिपपर्यंत जातं. आधी मेमरीच्या चिप जातात आणि पाठोपाठ बाकीच्या.

म्हणून या छंदातला पहिला नियम असा की मूळ अडॅप्टरवर विश्वास ठेवायचा नाही. तो मल्टिमीटरने मोजायचा. त्यातही नुसतं मोजून भागत नाही. रिकाम्या अडॅप्टरवर व्होल्टेज बरोबर दिसतं आणि भार पडला की बिघडतं, असंही होतं. त्यामुळे जाणकार लोक त्यावर कृत्रिम भार टाकून तपासतात, नाहीतर सरळ नव्याने बनवलेला अडॅप्टर वापरतात. काही जण अडॅप्टर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक छोटं सर्किट बसवतात. व्होल्टेज वाढलं की ते वीज तोडतं.

बॅटरी आणि कपॅसिटर: आतले छुपे शत्रू

अडॅप्टरचा धोका बटण दाबल्यावर सुरू होतो. काही भाग मात्र यंत्र बंद असतानाही त्याला पोखरत असतात.

त्यात पहिली येते ती बॅटरी. घड्याळ चालू राहावं म्हणून अमिगा २०००, अमिगा ५०० प्लस अशा कॉम्प्युटरच्या बोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डाग देऊन बसवलेली असायची. ती म्हातारी झाली की गळते. त्यातला अल्कलाइन द्रव बोर्डवर पसरतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. आपल्याकडच्या जुन्या ३८६ आणि ४८६ पीसींच्या मदरबोर्डवरही अशाच बॅटऱ्या असायच्या. घरात असा पीसी पडून असेल, तर तो कधीही सुरू करायचा नसला तरी बॅटरी तेवढी आजच काढायला हवी.

गळतीवरचा उपाय स्वयंपाकघरात सापडतो. द्रव अल्कलाइन, म्हणून त्यावर आम्ल लावायचं. थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ब्रशने लावतात, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवतात. तुटलेल्या रेषांवर बारीक तारा जोडून रस्ता पुन्हा तयार करतात.

दुसरा शत्रू म्हणजे कपॅसिटर. वीज थोडा वेळ साठवून ती एकसारखी पुरवायचं काम हा भाग करतो. इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो वाळतो किंवा गळतो. अमिगा ६०० आणि अमिगा १२०० मधले कपॅसिटर तर गळण्यासाठीच बदनाम आहेत.

बीबीसी मायक्रोची तऱ्हा वेगळी. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदाचे कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला काळाच्या ओघात तडे जातात, हवेतली ओल आत शिरते आणि प्लग लावल्यावर काही मिनिटांत फट्‌ असा आवाज होऊन खोलीभर घाणेरडा धूर होतो. मुंबई-कोकणातले चार पावसाळे खाल्लेल्या कपॅसिटरचं काय होत असेल, याचा अंदाज बांधता येईल. सुदैवाने कॉम्प्युटर बहुतेक वेळा वाचतो आणि बदली भाग स्वस्तात मिळतो. पण तो आधीच बदलणं शहाणपणाचं.

स्क्रीन काळी आली तर?

अडॅप्टर ठीक, बॅटरी काढली, बटण दाबलं आणि समोर काळी स्क्रीन. कमोडोर ६४ मधला हा सगळ्यात नेहमीचा आजार. इथून खरी डिटेक्टिव्हगिरी सुरू होते.

पहिला संशयित पीएलए नावाची चिप. तिला चौकातला ट्रॅफिक पोलीस समजा. प्रोसेसरला एका वेळी ६४ केबीच पत्ते दिसतात, पण मशीनमध्ये ६४ केबी मेमरी आणि त्याशिवाय रॉम, ग्राफिक्स, आवाज असं सगळंच आहे. कोणत्या क्षणी कुणाला रस्ता द्यायचा, ते पीएलए ठरवते. ही चिप खूप तापते आणि लवकर जाते. पोलीसच नसेल तर चौकात जे होतं, तेच आत होतं.

दुसरा संशयित मेमरी. जुन्या बोर्डांवर मेमरीच्या ८ चिप असतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात आणि त्यातला एकेक बिट एकेका चिपकडे असतो. म्हणजे आठ जणांनी मिळून पालखी उचलल्यासारखं. एकाने खांदा काढला की प्रत्येक बाइट बिघडतो आणि कॉम्प्युटरला काहीच धड वाचता येत नाही.

आठातली नेमकी कोणती चिप गेली हे ओळखायला ‘डेड टेस्ट’ नावाचं कार्ट्रिज वापरतात. ते लावलं की स्क्रीन लुकलुकते आणि ती कितीदा लुकलुकली यावरून खराब चिप कळते. त्याहून साधी पद्धत म्हणजे बोट. कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवून चिपवर हलकेच बोट ठेवायचं. एखादी बाकीच्यांपेक्षा फारच तापली असेल, तर संशय तिच्यावर.

मग ती चिप काढायची. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. चिपचे १६ पाय बोर्डमधून आरपार जाऊन पलीकडे सोल्डर केलेले असतात. घाईने ओढली की बोर्डवरचं तांबंही उखडून येतं. म्हणून सोल्डर वितळवून शोषून घेतात, पाय एकेक करून मोकळे करतात आणि त्या जागी सॉकेट बसवतात. पुढच्या वेळी चिप नुसती काढून दुसरी लावता येते.

सगळं जमलं की निळ्या स्क्रीनवर ओळी उमटतात. त्यात लिहिलेलं असतं की बेसिकसाठी ३८९११ बाइट मोकळे आहेत. त्याखाली ‘रेडी’ हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. ज्याने चार रात्री घालवल्या, त्याला ही स्क्रीन दिसल्यावर काय वाटतं हे सांगायला नको.

सुटे भाग मिळतात कुठे?

इथे मामला गंभीर होतो. मेमरीच्या चिप त्या काळी अनेक कंपन्या बनवायच्या, त्यामुळे त्या अजून सापडतात. कपॅसिटर, रेग्युलेटर, सॉकेट तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतही मिळतात. पण ग्राफिक्सची व्हिक आणि आवाजाची सिड या चिप कमोडोरच्याच मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने बनवल्या. त्यांचं उत्पादन कधीच थांबलं. जगात जेवढ्या उरल्यात, तेवढ्याच.

यातली सिड खास आहे. रॉबर्ट यानेस या इंजिनिअरने ती बनवली. एका वेळी तीनच सूर काढणारी ही चिप, पण तिचा आवाज एवढा वेगळा की आजही संगीतकार तिच्यासाठी रचना करतात. साहजिकच किंमत वाढली आणि बाजारात बनावट सिडही आल्या. दुसरीच चिप घासून तिच्यावर सिडचं नाव छापलेलं असतं. शिवाय सिडचे प्रकारही दोन. जुन्या ६५८१ला १२ व्होल्ट लागतात, नव्या ८५८०ला ९. नवी चिप जुन्या बोर्डात बसते बरोबर, पण १२ व्होल्ट तिचा जीव घेऊ शकतात.

म्हणून हौशी इंजिनिअरांनी पर्याय शोधले. आधुनिक मायक्रोकंट्रोलर किंवा एफपीजीए वापरून जुन्या चिपची नक्कल करणारे छोटे बोर्ड बनवले. पीएलएचे पर्याय तर आज सर्रास वापरले जातात आणि ते मूळ चिपपेक्षा कमी तापतात.

यावरून या लोकांत कायम वाद चालू असतात. एक गट म्हणतो, सगळे कपॅसिटर सरसकट बदला. दुसरा म्हणतो, जे चालतंय त्याला हात लावू नका, प्रत्येक वेळी सोल्डरिंग केलं की बोर्ड थोडा दुखावतोच. अर्धे भाग नवे बसवले तर त्याला जुना कॉम्प्युटर म्हणायचं का, हाही प्रश्न आहेच. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा बदलला, मग पातं बदललं, तर कुऱ्हाड आजोबांची राहिली का? सोपं उत्तर नाही. म्हणून बरेच जण एक पथ्य पाळतात. जे काही बदलायचं ते पुन्हा पूर्ववत करता येईल असं करायचं आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवायचा.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं होतं?

होतं, पण कायमचं नाही. जुन्या कॉम्प्युटरचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते पिवळं पडतं. आग लागू नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनची संयुगंही याला हातभार लावतात असं मानलं जातं. २००८ च्या सुमाराला हौशी लोकांनी एक पद्धत शोधली, तिला ‘रेट्रोब्राइट’ म्हणतात. प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवायचं. केस रंगवताना वापरतात ते पेरॉक्साइडचं क्रीमही चालतं. मात्र त्याने कातडी आणि डोळ्यांना इजा होते, त्यामुळे हातमोजे आणि गॉगल हवेतच. क्रीम असमान लागलं तर प्लास्टिकवर पांढरे पट्टे उमटतात आणि काही वर्षांनी पिवळेपणा परतही येऊ शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

जुने गेम तर आज मोबाइलवर इम्युलेटरमध्येही खेळता येतात. मग खरं यंत्र कशाला वाचवायचं?

कारण काही गोष्टी जुन्या माध्यमातच अडकून पडल्यात. अमेरिकेतला प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९८५ मध्ये कमोडोरच्या अमिगा १००० वर चित्रं काढली होती. त्याच्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये पडून होत्या. त्यांवर नेमकं काय आहे, ते कुणाला माहीत नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने त्या फ्लॉपी काळजीपूर्वक वाचल्या, अनोळखी फाइल फॉरमॅटचा उलगडा केला आणि २०१४ मध्ये ती चित्रं जगासमोर आली. जुनं हार्डवेअर समजणारी माणसं नसती, तर चित्रं फ्लॉपीतच विरून गेली असती.

त्याहून मोठा धडा ब्रिटनचा. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये देशाची नोंद करून घेतली होती, तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी नोंद तयार केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून जास्त लोकांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो दिले. हे सगळं खास लेझर डिस्कवर साठवलं. ती वाचायला बीबीसीचा कॉम्प्युटर आणि एक खास प्लेअर लागायचा. अवघ्या पंधरा वर्षांत अशी परिस्थिती आली की चालू स्थितीतली यंत्रं मिळेनात. चामड्यावर शाईने लिहिलेलं ९०० वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचता येत होतं आणि १९८६ ची डिस्क हातची जाणार होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी धडपड करून ते वाचवलं. २०११ मध्ये त्यातला लोकांनी लिहिलेला भाग बीबीसीने इंटरनेटवर खुला केला.

इम्युलेटर बरोबर चाललाय का, हे तपासायलासुद्धा शेजारी खरं यंत्र लागतंच.

आणखी एक कारण आहे. कमोडोर ६४च्या प्रोग्रॅमिंगच्या अधिकृत पुस्तकात अख्ख्या सर्किटचा नकाशा छापलेला होता. ग्राहकाने तो बघावा, आत काय आहे ते समजून घ्यावं, यात कंपनीला काही वावगं वाटलं नाही. चाळीस वर्षांनी कुणी अनोळखी माणूस ते यंत्र दुरुस्त करू शकतो, त्यात या नकाशाचा वाटा मोठा आहे. आज आपल्या हातातल्या फोनची बॅटरीसुद्धा गोंदाने चिकटवलेली असते. २०६५ मध्ये तो फोन कुणाला उघडून दुरुस्त करता येईल का?

मग तुम्हाला असं यंत्र सापडलं तर काय करायचं?

१. प्लग लावू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मॉडेलचं नाव, नंबर टिपून ठेवा.

२. सोबतच्या कॅसेट, फ्लॉपी, वह्या, बिलं काहीही फेकू नका. यंत्रं लाखो बनली, पण कॅसेटवरचा घरचा प्रोग्रॅम जगात एकच असू शकतो. बुरशी दिसली तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर फ्लॉपी आणि ड्राइव्ह दोन्ही खराब होतील.

३. उघडता येत असेल तर आत बॅटरी आहे का, कुठे गळती आहे का, ते बघा. बॅटरी काढा.

४. अडॅप्टर मोजल्याशिवाय जोडू नका. मोजायचं कसं माहीत नसेल, तर माहीतगार माणसाला दाखवा.

५. जुना मॉनिटर किंवा पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. इथे चूक यंत्राच्या नाही, माणसाच्या जिवावर बेतते.

६. दुरुस्ती जमणार नसेल तरी भंगारात देऊ नका. बंद पडलेल्या बोर्डावरची एक चांगली सिड किंवा व्हिक दुसरा कॉम्प्युटर जिवंत करू शकते.

चाळीस वर्षं वाट बघितलेलं यंत्र आणखी एक आठवडा सहज थांबू शकतं. बटण त्यानंतर दाबा.